मंडईच्या नळाखालचं शेवाळ

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

तुम्ही गेलात त्याला आज दोन महिने अकरा दिवस झाले. वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली होती. तिच्यात तुम्हाला 'बुरशीतज्ज्ञ' म्हटलं होतं. मी त्याच दिवशी संपादकांना पत्र टाकलं, की बाईंचा विषय गोड्या पाण्यातली हिरवी शैवालं. बुरशीला त्यांनी हात लावला तो फक्त ती काचनळीत शिरली म्हणून फेकून देण्यापुरता. कृपया दुरुस्ती छापावी. छापली नाही. मी दोन स्मरणपत्रं पाठवली. तिसरं लिहायला घेतलं होतं.

ते आता बाजूला ठेवलंय. कारण सोमवारी संध्याकाळी पक्कं कळलं, की तुमच्याबाबतीतली खरी दुरुस्ती माझ्याकडूनच यायची राहिली आहे.

मंडईचं शेवाळ वेगळंच होतं, बाई. तुमचं बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती कुठल्या पानावर, कितव्या ओळीत झाली हेसुद्धा मला आता ठाऊक आहे. तुम्हाला तर तेव्हापासूनच ठाऊक होतं. सांगितलं का नाहीत?

पण मी पहिल्यापासून सांगतो. मला मधूनच सांगता येत नाही, हे तुम्ही जाणता.

मी तुमच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागलो तेव्हा बारावी पास होतो, त्यातही इंग्रजीत काठावर. काम काय, तर काचसामान धुणे आणि लावून ठेवणे. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "घरी काय करतात?" मी म्हटलं, "वडील तांबट आहेत, कसबा पेठेत." तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "म्हणजे ठोके मोजायची सवय असेल." होती. आमच्याकडे घंगाळ्यावर एक ठोका कमी पडला तर वडील ते पुन्हा चढवायचे. गिऱ्हाइकाला कळलं नसतं, त्यांना कळायचं. तुम्ही माझ्या हातात एक वही दिलीत आणि म्हणालात, "मग जे कराल ते हिच्यात मोजून लिहा."

तुमची चूक सांगायची रीत तिथंच कळली. तुम्ही चूक सांगायचाच नाहीत. समासात पेन्सिलीचा एक ठिपका. बास. ज्याची वही त्याने शोधायचं, की या ओळीत काय बिनसलंय. माझ्या वहीतला पहिला ठिपका 'पाण्याचे तापमान २६' या ओळीपुढे होता. दोन दिवस मी तापमापक तपासत बसलो. तिसऱ्या दिवशी उमगलं, की किती वाजता मोजलं ते लिहिलेलंच नाही. मी वेळ लिहून वही पुढे केली. तुम्ही खोडरबराने ठिपका पुसलात आणि चहा सांगितलात. पुढे मोठमोठ्या पदव्यांचे लोक तुमच्या ठिपक्यांना वैतागलेले मी पाहिले. मला मात्र त्यांचा अभिमान वाटायचा. कॉलेजची फी न भरता मी जे काही शिकलो, ते त्या ठिपक्यांवर शिकलो.

आणि मग मंडईचा तो दिवस. पालेभाजीवाल्या जिथं जुड्या ओल्या करतात त्या नळाखालच्या दगडाशी तुम्ही वाकला होतात. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात औषधाची रिकामी बाटली. मी पिशवी धरायला गेलो. भाजीवाली म्हणाली, "ओ बाई, मेथी नको म्हणता आन् घाण कशाला खरवडून नेता?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मेथी नेणारे पुष्कळ आहेत. हिला नेणारी मी एकटीच." ती खदखदून हसली आणि म्हणाली, "न्या बया, पुन्हा उगवंल."

पुन्हा उगवंल. हे वाक्य मला सध्या सारखं आठवतंय.

त्या दगडावरचं शेवाळ आणि खडकवासल्याच्या कालव्याच्या काठावरून तुम्ही आधीच आणलेलं शेवाळ, दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली बहिणींसारखी दिसायची. दोन्ही फांद्या फुटलेले हिरवे तंतू, दोन्हींच्या टोकाला बारीक केस. पण तुमचं म्हणणं होतं, की बहिणी नव्हेत, शेजारणी. दोन्ही आपण काचनळ्यांत वाढवायचो आणि जागेच्याच नावाने ओळखायचो. खडकवासला नळीत वर तरंगायची, फिकी, भराभर वाढणारी. मंडई तळाला काच धरून बसायची, गडद, हट्टी, महिनोन् महिने हलायची नाही. फांदीचा कोन वेगळा. तुम्ही सूक्ष्मदर्शकावरच्या, चित्र कागदावर पाडणाऱ्या आरशाच्या यंत्रातून बघत अकरा आकृत्या काढल्यात. अकराव्या आकृतीतला एक केस चुकला म्हणून ती पूर्ण पुन्हा काढलीत. लेख तयार झाला. नवी जात म्हणून तिला मंडईचंच नाव द्यायचं तुमच्या मनात होतं. हे तुम्ही मला सांगितलं होतंत, दुसऱ्या कोणाला नाही.

विभागप्रमुख म्हणाले, "अहो बाई, मंडईच्या नळाला खडकवासल्याचंच पाणी येतं. पाणी एक तर शेवाळ एक."

"पाणी एक असेल," तुम्ही म्हणालात. "आपल्यालाही तेच पाणी येतं. आपण दोघं एक आहोत का?"

पण लेख पुराव्यासाठी थांबला. आणि पुरावा आणायचा विडा उचलला मी.

कारण तोपर्यंत मी साधा परिचर राहिलो नव्हतो ना. शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर संगणक क्लासच्या पाट्या लागत होत्या. माझ्याकडे क्लासला जाण्याची ऐपत नव्हती आणि खरं सांगतो, कोणासमोर पाटी घेऊन बसायची तयारीही नव्हती. अप्पा बळवंत चौकातून जुनी पुस्तकं आणली, इंग्रजी शब्दकोश मांडीवर ठेवून वाचली, आणि विभागातल्या त्या एकुलत्या एक संगणकावर, तो रिकामा असेल तेव्हा, शिकलो. डीएनएची अक्षरं चारच असतात हे तुमच्याकडून कळलं होतं. दोन जीवांची तीच अक्षरं एकाखाली एक मांडायची, कुठं जुळतात कुठं नाहीत ते मोजायचं, आणि त्या फरकावरून कोण कोणाच्या जवळचं याचं झाड काढायचं. ही मांडणी करणारा प्रोग्राम मी स्वतः लिहिला. सातशे बारा ओळी. एकही ओळ उसनी नाही.

शहरातल्या एका मोठ्या संस्थेत ओळखीने दोन नमुन्यांची अक्षरं काढून मिळणार होती. दोनच, आणि एकदाच. त्यांनी कळवलं होतं, की प्रत्येक नमुना निदान पन्नास मिलिग्रॅम हवा. मी काट्यावर तोलत बसलो. खडकवासला सहज भरली. मंडईच्या नळीत तळाचा गडद पुंजका निघाला तो अठराच भरला. पण त्याच नळीत वर एक छान टवटवीत पुंजका आला होता. मी तो घेतला. पन्नास. काटा अगदी रेषेवर.

बाई, मंडई कधी वर तरंगायची का?

दर तीन आठवड्यांनी शेवाळ जुन्या नळीतून नव्या नळीत घालायचं काम माझं होतं. कुठल्या तरी एका दिवशी दोन नळ्यांच्या मध्ये शेवाळ उचलायची तार ज्योतीवर नीट तापवली गेली नसणार. खडकवासलाचा एखादा तंतू मंडईच्या नळीत गेला, वर तरंगला, भराभर वाढला. आणि मी, ज्याने तीन वर्षं रोज त्या दोघींना बघितलं होतं, पन्नासचा आकडा भरायचा म्हणून तोच उचलून मंडईच्या नावाने पाठवला. वजनात मी एका मिलिग्रॅमचीही चूक केली नाही.

अक्षरं आली. मी ती प्रोग्राममध्ये घातली. फरक शून्य. मी छापलेलं झाड घेऊन तुमच्या टेबलाशी आलो, एकाच फांदीच्या टोकाला दोन्ही नावं.

तुम्ही कागद बघितलात. "शून्य, मधुकरराव? सख्ख्या बहिणींच्या वेण्यांतही एखादा केस इकडेतिकडे असतो."

"प्रोग्राम तीनदा चालवला, बाई."

"प्रोग्रामचं नाही म्हणत मी."

"मग?"

"काही नाही. डोळ्यांना वेगळं दिसतंय, एवढंच."

आणि मी म्हणालो, "डोळे चुकतात, बाई. अक्षरं चुकत नाहीत."

ज्या डोळ्यांनी मला बघायला शिकवलं त्यांना मी हे सांगितलं. विभागप्रमुख शेजारीच उभे होते आणि त्यांनी मान डोलावली, हे मला तेव्हा फार आवडलं होतं. हेही कबूल करून टाकतो.

तुम्ही लेख परत पाकिटात घातलात. अकरा आकृत्या फडक्याच्या नाडीने बांधून कपाटात गेल्या. पुढच्या महिन्यात नळ्यांच्या मांडणीवर जागा कमी पडली तेव्हा मी मंडईची नळी रिकामी करून धुऊन टाकली. एकच तर जात, दोन नळ्या कशाला सांभाळायच्या? तुम्ही रजेवर होतात. आल्यावर तुम्ही मांडणीपाशी गेलात, नळीच्या त्या रिकाम्या भोकाकडे बघितलंत आणि बोट आत घालून बघितलंत, खरंच काही नाही ना. मग हात पदराला पुसलात. ते बोट मी विसरलो होतो. सोमवारी आठवलं.

त्याच प्रोग्रामवर मला संगणक कंपनीत नोकरी लागली. मुलाखतीत मी ते झाड काढून दाखवलं. वनस्पतिशास्त्राचा एक परिचर स्वतः शिकून हे करतो म्हटल्यावर मुलाखत घेणारे तिघेही खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांनी शिफारसपत्र मागितलं. तुम्ही दिलंत, दोन वाक्यांचं. 'श्री. मधुकर जे करतात ते जसंच्या तसं लिहून ठेवतात. यापेक्षा अधिक मी आजवर कोणाबद्दल म्हटलेलं नाही.'

मला राग आला होता, बाई. प्रोग्रामबद्दल अक्षर नाही, झाडाबद्दल नाही. लिहून ठेवतात! कारकुनाची शिफारस. मला वाटलं, तुमच्या नव्या जातीला मी खोटं ठरवलं म्हणून तुम्ही हात आखडता घेतलात. मी जाताना पाया पडलो, पण मनातून नाही. वह्या प्रयोगशाळेतच ठेवून आलो.

मग हिंजवडी, बस, कंपनी, बढत्या. तुम्ही निवृत्त झालात, मी समारंभाला आलो नाही. त्या दिवशी काम होतं हे खरं आहे; पण सुट्टी मागितली असती तर मिळाली असती, हेही खरं आहे.

आपली शेवटची भेट मंडईतच झाली. तुम्ही अळूची पानं निवडत होतात. माझ्या गळ्यात कंपनीची पट्टी होती, काढायची राहिली होती.

"गळ्यात काय हे? महापालिका कुत्र्यांना बिल्ला देते तसं?"

"ओळखपत्र आहे, बाई. त्याशिवाय दार उघडत नाही."

"बरं आहे. आम्हाला ओळखायला दाराची गरज लागायची नाही." मग अळूचं एक पान उलटं करून बघत तुम्ही विचारलंत, "जुन्या वह्या कधी चाळता का हो?"

"वह्या कशाला आता? सगळं संगणकात घातलंय."

"सगळं?"

"अक्षर न् अक्षर."

तुम्ही 'हं' म्हणालात. अक्षरं मी खरंच सगळी घातली होती. कुठल्या पुंजक्यातून घेतलं, ती ओळ घातली नव्हती, कारण माझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नव्हता.

मग तुम्ही हनुवटीने पलीकडे दाखवलंत. "तो नळ बदलला, बघितलंत? फरशी घातली."

मी म्हणालो, "बरं झालं. फार निसरडं व्हायचं तिथं."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नाही. समासात ठिपका देताना बघायचात तसं. मी घड्याळ बघितलं आणि निघालो.

तुम्ही गेल्यावर तीन आठवड्यांनी तुमच्या धाकट्या बहिणीचा, शालिनीताईंचा, फोन आला. "ताईची दोन खोकी आहेत. वह्या आणि वाळकं शेवाळ. तुम्ही नेताय, की रद्दीवाल्याला सांगू?" मी अर्ध्या तासात पोचलो. दारातच त्या म्हणाल्या, "तुमच्या नावाची चिठ्ठी आहे खोक्यावर. कधीची कोण जाणे, कागद पिवळा पडलाय." चिठ्ठीवर फक्त 'मधुकर' एवढंच.

खोक्यात माझीच वही होती. नमुने पाठवले तेव्हाची. मध्ये एक कागद घातलेला होता, तो काढला तर माझ्या शिफारसपत्राची कार्बन प्रत. आणि त्या पानावर माझ्याच अक्षरात, तारखेसह, वेळेसह: 'मंडई नळी. तळाचा पुंजका १८ मि.ग्रॅ., अपुरा. वरचा पुंजका घेतला, ५० मि.ग्रॅ.'

ओळीपुढे समासात ठिपका. एवढ्या वर्षांत फिका झालेला, पण होता.

मी तिथंच, शालिनीताईंच्या ओट्यावर बसलो. ठिपका कशासाठी आहे हे कळायला मला या खेपेला दोन दिवस लागले नाहीत.

दुसऱ्या खोक्यात कागदावर वाळवलेले नमुने होते. मंडईचा पहिला नमुना, नळीत जाण्याच्याही आधीचा, दगडावरून आणला त्याच दिवशी तुम्ही पाण्यातून कागदावर अलगद उचललेला. डिंक नाही, ते आपल्याच चिकटपणाने कागद धरून बसलेलं. काच धरायचं तसंच. शालिनीताईंची परवानगी घेऊन त्याचा आणि खडकवासलाच्या नमुन्याचा सुईच्या टोकाएवढा तुकडा काढला. आता हे काम पैसे भरले की कोणालाही करून मिळतं. सोमवारी अक्षरं आली. मी तोच जुना प्रोग्राम काढला, बाई, सातशे बारा ओळींचा. तो अजून चालतो.

खडकवासला तेव्हाच्या अक्षरांशी तंतोतंत जुळली. म्हणजे तेव्हा मी दोन्ही नावांनी तीच पाठवली होती. आणि मंडई एकेचाळीस ठिकाणी वेगळी निघाली. बहीण नव्हे, शेजारीण.

तुमचे डोळे चुकले नव्हते. अक्षरंही चुकली नव्हती. दोन्हींच्या मध्ये उभा असलेला माणूस चुकला.

आता माझंही एक ऐकून घ्या. एक ठिपका, बाई? आणि एवढी वर्षं? मी वही उघडत नाही हे कळल्यावरसुद्धा? मंडईत, अळूची पानं हातात असताना, "मधुकरराव, तुम्ही चुकीचा पुंजका घेतलात" एवढी पाच शब्दांची ओळ म्हणायला काय हरकत होती? तुमची जात होती ती, तुमच्या आकृत्या होत्या. माझ्या चुकीवर तुम्ही स्वतःचं काम का गहाण ठेवलंत? हे शिकवणं होतं, की शिक्षा होती, की नळी धुतली गेल्यावर सांगण्यात आता अर्थ नाही असं वाटलं होतं? की माझी नोकरी नवी होती म्हणून? मी सगळी उत्तरं लावून बघितली. प्रत्येकात मीच लहान निघतो.

ते शिफारसपत्र मी आता रोज वाचतो. 'जसंच्या तसं लिहून ठेवतात.' ठिपका देऊन झाल्यावर, तेच पान समोर ठेवून तुम्ही ते वाक्य लिहिलं होतंत. मी ज्याला कारकुनाची शिफारस म्हटलं, ते तुमच्याकडचं सगळ्यात मोठं होतं, आणि मी त्या लायकीचा राहिलो नव्हतो तेव्हा तुम्ही ते दिलंत.

तर आता शब्द देतो. दुसऱ्या खोक्याच्या तळाशी तुमचा टंकलिखित लेख आणि नाडीने बांधलेल्या अकरा आकृत्या मिळाल्या; त्या तशाच्या तशा छापायला तयार करतोय. लेखाखाली नाव एकट्या तुमचं. त्याला जोडून माझं एक पानाचं निवेदन जाईल: तळाचा पुंजका अपुरा भरला म्हणून वरचा घेतला, आणि तो घेणारा मी. परिचराची चूक असं कोणाला म्हणता येऊ नये म्हणून माझं पूर्ण नाव घालतोय. जुन्या विभागात, ज्यांनी तेव्हा मान डोलावली होती त्यांनाही, प्रत हाती देऊन येईन.

पण जात जिवंत आहे की फक्त कागदावर उरली, हे आकृत्यांवरून ठरणार नाही. फरशीखालचा तो दगड गेला. मंडईत नळ मात्र अजून पुष्कळ आहेत, आणि भाजी अजून ओली करतात. येत्या रविवारपासून मी एकेक नळ बघणार आहे, खाली वाकून, हातात औषधाची बाटली घेऊन. ती भाजीवाली आता नसेल. तिची सून असेल तर तीही हसेल. हसू दे. सापडलं तर तळाला धरून बसणारंच घेईन, कितीही थोडं भरलं तरी.

नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर मंडई, नळ क्रमांक एक, आणि पुढे तारखेची नि वेळेची जागा. डाव्या हाताला दोन बोटं समास सोडलाय. तिथं मी काही लिहिणार नाही, पण रोज बघेन.

आपला,
मधुकर